इनडोअर प्लांट नावाची थाप



आज जरा भांडायचं आहे. भांडण झाडाशी नाही. झाड विकताना आणि भेट देताना त्याच्याबरोबर जे शब्द फुकट दिले जातात, त्यांच्याशी आहे. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवल्यामुळे असेल, पण खोटा शब्द दिसला की माझा हात अजूनही आपोआप लाल पेनाकडे जातो. नातेवाईक मंडळींनी हा लेख आपल्यावर आहे असं समजू नये. आणि समजलंच तर वाईट वाटून घेऊ नये... लेख तुमच्यावर आहे, पण प्रेमाने आहे!

हल्ली वास्तुशांत असो, वाढदिवस असो, लोक कुंडी भेट देतात. चांगली गोष्ट आहे. भिंतीवरच्या सहाव्या घड्याळापेक्षा केव्हाही चांगली. आणि त्यात सध्या लाडकं झाड म्हणजे ते लोंबणारं, रंगीत पट्ट्यांचं. ओळखलंत ना? पान वरून हिरवं-जांभळं, त्यावर दोन चंदेरी पट्टे, उलटं करून पाहिलं तर खाली गर्द वांग्याचा रंग. टांगलेल्या कुंडीतून हातभर खाली उतरतं. शास्त्रीय नाव ट्रॅडेस्कँशिया झेब्रिना. झेब्र्यासारखे पट्टे म्हणून झेब्रिना. आणि ट्रॅडेस्कँशिया हे १७ व्या शतकातल्या ट्रॅडेस्कंट नावाच्या इंग्रज माळी बाप-लेकांवरून. दोघांचंही नाव जॉन. त्यांनी जमवलेल्या चीजवस्तूंमधूनच पुढे १६८३ साली ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन म्युझियम उभं राहिलं. एका माळ्याचं नाव झाडाला मिळावं, राजाचं नव्हे, हे मला फार आवडतं.

झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. पण आपल्याला त्याचं गोत्र परकं नाही. पावसाळ्यात बांधावर उगवतो तो निळ्या फुलांचा केना, ज्याची भाजी आणि भजी आपण खातो, तो याचाच चुलतभाऊ. कासच्या पठारावरच्या आभाळी-नभाळी त्याच कुळातल्या. आमच्या शाळेत सायन्सच्या बाई ज्या जांभळ्या 'ऱ्हिओ'च्या पानाची साल काढून मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवायच्या, तो तर सख्खाच भाऊ. म्हणजे पाहुणा असला तरी घरोब्यातला.

आता या पाहुण्याच्या कुंडीत एक प्लास्टिकची पट्टी खोचलेली असते. तीवर तीन शब्द असतात. इनडोअर. लो मेंटेनन्स. एअर प्युरिफायर. चौथा शब्द विकणारा तोंडाने सांगतो, तो म्हणजे झाडाचं नाव. माझं म्हणणं असं की चारही शब्द रद्द करण्याच्या लायकीचे आहेत. एकेक घेऊ.

पहिला शब्द : इनडोअर

घरात उगवणारं झाड देवाने केलेलं नाही. झेब्रिना जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत पसरतो, हे खरं. पण जंगलातली सावली आणि आपल्या हॉलमधला टीव्हीशेजारचा कोपरा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. खिडकीलगत काही हजार उरतो. आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शंभर-दोनशे. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण डोळा लगेच जुळवून घेतो. आपण म्हणतो, "छान उजेड आहे की इथे, पेपर वाचता येतो." अहो, पेपर तुम्हाला वाचायचा आहे. झाडाला त्या उजेडावर स्वयंपाक करायचा आहे.

अंधारात ठेवलेला झेब्रिना काय करतो? मरत नाही. तेच तर दुखणं आहे. मेला असता तर लोकांना कळलं असतं. तो आधी रंग सोडतो. जांभळा रंग हा अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, तो उजेडात गडद होतो आणि अंधारात फिका पडतो. मग दोन पेरांमधलं अंतर वाढतं, कारण वेल उजेड शोधत धावत असते. पानं लहान होतात. बुडाकडची पानं वाळून गळतात आणि वर टकलू दांडे उरतात. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "याचा रंग नकली होता वाटतं." नकली काही नव्हतं हो. तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत.

गुलाबी-पांढऱ्या पानांचा जो 'नॅनूक' हल्ली महागात विकतात, त्याची तर याहून कठीण गत. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतंच. म्हणजे घरात खाणारी तोंडं जास्त आणि कमावणारा एकच. त्याला उजेड साध्या झेब्रिनापेक्षाही जास्त लागतो, आणि सजावटवाले नेमका त्यालाच बाथरूममध्ये ठेवायला सांगतात.

एक सोपी परीक्षा सांगतो. दुपारी बाराच्या सुमारास, दिवे बंद करून, कुंडीच्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. हाताची सावली स्पष्ट पडली तर जागा उत्तम. धूसर पडली तर झाड जगेल पण रंग जाईल. पडलीच नाही तर तिथे गणपतीचा फोटो लावा, झाड नको. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर त्यासारखं सुख नाही. पश्चिमेचं एप्रिल-मेमधलं ऊन मात्र पानं करपवतं, तिथे पातळ पडदा हवा.

दुसरा शब्द : लो मेंटेनन्स

या शब्दाचा मला सर्वांत जास्त राग आहे. 'काळजी करावी लागत नाही' हा गुण म्हणून कधीपासून सांगायला लागलो आपण? स्कूटरच्या बाबतीत समजू शकतो. पण जिवंत वस्तूला हे विशेषण लावायचं? उद्या म्हाताऱ्या माणसांनाही लावतील. (आमची ही म्हणते, लावतातच. असो.)

आणि गंमत म्हणजे झेब्रिनाच्या बाबतीत हे सपशेल खोटं आहे. तो चिवट आहे, हे कबूल. पण चिवट असणं वेगळं आणि काळजी न लागणं वेगळं. वेलीचे शेंडे दर महिना-दीड महिन्याला खुडावे लागतात. शेंडा खुडला की खालच्या पेरातून फुटवे येतात आणि कुंडी भरगच्च राहते. नाही खुडले तर चार लांबलचक दोऱ्या लोंबत बसतात. वर्ष-दोन वर्षांनी मूळ झाड बुडाशी उघडं पडतंच, मग त्याच्याच काड्यांपासून कुंडी नव्याने भरावी लागते. चार-पाच बोटं लांबीची काडी घ्यायची, खालची पानं काढायची, एखादं पेर पाण्यात बुडेल अशी बाटलीत ठेवायची. आठवड्याभरात पांढरी मुळं दिसतात. नाहीतर सरळ मातीतच खोचायची. एका काडीने कुंडी भरत नाही, पाच-सहा काड्या एकत्र लावा. नॅनूकमध्ये एखादा फुटवा पूर्ण हिरवा आला तर तो बुडापासून काढून टाका. हिरवा जोरात वाढतो आणि रंगीत भावंडांना दाबून टाकतो.

पाण्याचं म्हणाल तर, जितके झेब्रिना तहानेने गेले असतील त्याहून जास्त मायेने गेलेत. 'रोज एक कप' हा नियम चुकीचा. नियम बोटाचा आहे. बोटाचं एक पेर मातीत घालून पाहायचं, कोरडं लागलं तरच पाणी. आमच्याकडे पुण्यात एप्रिलमध्ये एक दिवसाआड लागतं, तर जुलैत पाच-सहा दिवस काही लागत नाही. म्हणजे कॅलेंडर बघून नव्हे, झाड बघून. कुंडीला भोक हवंच. ती सुंदर चिनी मातीची बिनभोकाची कुंडी ही झाडाची कबर असते. नर्सरीतून येते ती माती बहुतेक वेळा नुसतं कोकोपीट, ते आतून ओलं राहतं आणि मुळं कुजतात. थोडी माती, थोडं शेणखत किंवा गांडूळखत, थोडी जाड वाळू, असं मिसळून घ्या. पानांवर पाणी फवारायची काही गरज नाही, दाट पानांत पाणी साचलं तर उलट कुजतात. पेराच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. फडक्याने पुसून काढा, जास्त असला तर ती फांदीच काढून टाका.

सांगा आता, हे लो मेंटेनन्स आहे? आठवड्याला एकूण दहा मिनिटं लागतात, पण ती दहा मिनिटं लागतातच. आणि माझं म्हणणं असं की ती दहा मिनिटं हाच तर झाड ठेवण्यातला फायदा आहे. ती नको असतील तर प्लास्टिकची वेल आणा. खरं सांगतो, निदान तिचे हाल तरी होणार नाहीत.

तिसरा शब्द : एअर प्युरिफायर

इथे मात्र मी थट्टा करणार नाही, कारण इथे माणसाच्या जिवाशी संबंध येतो.

आमच्या नात्यातल्या एका लहान मुलाला दम्याचा त्रास आहे. घरच्यांनी त्याच्या खोलीत अकरा कुंड्या ठेवल्या, 'हवा शुद्ध होते' म्हणून. धूळ येते म्हणून खिडकी बंद. रात्री डासांची अगरबत्ती चालू. कोणीतरी फॉरवर्ड पाठवला होता की नासाने सिद्ध केलंय.

नासाने काय केलं होतं? १९८९ साली बी. सी. वुल्व्हर्टन या त्यांच्या शास्त्रज्ञाने एक अहवाल दिला. प्रयोग अमेरिकेतल्या बागसजावट करणाऱ्या कंत्राटदारांच्या संघटनेबरोबर केलेला होता. लहानशा हवाबंद पेट्यांमध्ये झाडं ठेवली, त्यात बेंझीनसारखे वायू सोडले आणि काही तासांनी ते किती कमी झाले ते मोजलं. कमी झाले. यात खोटं काही नाही. पण तुमचं घर हवाबंद पेटी आहे का? दाराच्या फटी, खिडक्या, पंखे यांतून घरातली हवा सतत बदलत असते, आणि झाडाच्या कितीतरी पट वेगाने बदलते. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेअरिंग या दोघांनी असे अनेक जुने प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला. निघालं काय? नेहमीच्या हवापालटाने जेवढे असे वायू निघून जातात तेवढेच झाडांकडून काढून घ्यायचे, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. चौरस मीटरला! दहा बाय दहाची खोली म्हणजे साधारण नऊ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी नव्वद कुंड्या. मग मुलाने झोपायचं कुठे?

उलट कायम ओल्या राहणाऱ्या मातीवर बुरशी येते, आणि दम्याच्या माणसाला बुरशी बाधू शकते. म्हणून मी त्या घरी जाऊन स्पष्ट बोललो. कुंड्या बाहेर गॅलरीत, अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी, रस्त्याची वर्दळ कमी असेल त्या वेळी खिडकी उघडी, आणि औषध डॉक्टर सांगतील ते. थोडे रुसवे झाले. होऊ देत. 'आजोबांना झाडं आवडतात आणि तेच झाडं काढा म्हणतात' असं ऐकावं लागलं. मला झाडं आवडतात म्हणूनच म्हणतो. जे काम झाडाचं नाही ते त्याच्या गळ्यात बांधून आपण दोन गुन्हे करतो. झाडावर खोटी जबाबदारी टाकतो आणि आपली खरी जबाबदारी झटकतो. झेब्रिना डोळ्यांना सुख देतो. तेवढं पुरेसं का नसावं?

चौथा शब्द : नाव

आमच्या गल्लीतले माळीबुवा या झाडाला 'ज्यू' म्हणतात. "सर, दोन ज्यू आलेत, ठेवू का?" त्यांचा काही दोष नाही. इंग्रजीत या झाडाला 'वॉन्डरिंग ज्यू' म्हणत आले, त्याचा तो उरलेला तुकडा.

बरेच जण म्हणतात, भटकणारी वेल म्हणून भटक्या ज्यू, त्यात काय एवढं? त्यात इतिहास आहे, म्हणून सांगतो. ख्रिस्ताला क्रुसाकडे नेत असताना एका ज्यूने त्याची टिंगल केली, म्हणून जगाच्या अंतापर्यंत भटकत राहण्याचा शाप त्याला मिळाला, अशी एक कथा मध्ययुगीन युरोपात पसरली. १६०२ साली जर्मन भाषेत तिचं एक चोपडं छापलं गेलं आणि ती घरोघरी पोचली. एका अख्ख्या समाजाला घर मिळू नये, हे जणू देवानेच ठरवलंय, असं सांगणारी ही कथा. पुढे नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला प्रदर्शन भरवलं आणि १९४० मध्ये चित्रपट काढला, दोन्हीचं नाव 'शाश्वत ज्यू'. जर्मनमध्ये त्या शापित भटक्याला म्हणतात तेच हे नाव. त्यानंतर काय झालं ते मी नववीच्या वर्गात दरवर्षी शिकवत असे.

आणि हे आपल्याला लांबचं वाटायचं कारण नाही. कोकणात बेने इस्राएल समाज शेकडो वर्षं राहिला. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून वाचलेले आपले पूर्वज, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. घरी मराठी. आडनावं गावांवरून, पेणकर, किहीमकर, रोहेकर. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा आठवतात? ते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचे!

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते, याच समाजातले. एकदा स्टाफरूमच्या खिडकीत कोणीतरी ही कुंडी आणून ठेवली आणि मोठ्या कौतुकाने इंग्रजी नाव सांगितलं. सर हसले. म्हणाले, "आम्ही कुठे भटकतो? आमच्या सात पिढ्या रोह्यात गेल्या." सगळे हसले आणि विषय संपला. पण नंतर ते कधी त्या खिडकीशेजारच्या खुर्चीत बसले नाहीत. योगायोगही असेल. मी त्यांना कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत.

इंग्रजीवाले आता 'वॉन्डरिंग ड्यूड' म्हणू लागलेत. त्यांचं त्यांना लखलाभ. आपल्याला ड्यूड कशाला हवा? झाड केन्याच्या कुळातलं, अंगावर पट्टे. मी आणि माळीबुवांनी मिळून त्याला 'पट्टेरी केना' म्हणायचं ठरवलंय. (नावात केना आहे म्हणून भजी करायला जाऊ नका! मेक्सिकोच्या तबास्को प्रांतात याचं सरबत करतात, पण आपण तो प्रयोग करू नये. याचा चीक काही जणांच्या त्वचेला खाजतो, कुत्र्या-मांजरांनाही त्रास होतो.)

आणि शेवटी, फेकण्याबद्दल

या चार शब्दांचा शेवट कुठे होतो, तर कचऱ्यात. इनडोअर म्हणून अंधारात, लो मेंटेनन्स म्हणून दुर्लक्षात, तीन-चार महिन्यांत झाड विद्रूप होतं. मग ते टाकतात आणि नवीन आणतात. टाकतात तरी कुठे? सोसायटीमागच्या ओढ्यात, 'निसर्गात सोडलं' म्हणून! हा निसर्ग नव्हे. याचं तुटलेलं एकेक पेर मुळं धरतं. दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात हा तण होऊन बसलाय. याचाच एक भाऊ न्यूझीलंडच्या जंगलात जमिनीवर अशी गादी घालतो की खाली दुसरं रोप उगवू शकत नाही. आपल्याला हा धडा नवा नाही. घाणेरी आपल्याकडे १९ व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणूनच आली. जलपर्णीही फुलं सुंदर म्हणूनच जगभर फिरली. आज पंचगंगेवर, मुळा-मुठेवर काय दिसतं ते बघा. छाटलेल्या काड्या उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच कंपोस्टमध्ये टाका.

कोणी म्हणेल, "सर, एका कुंडीवर एवढं कशाला? लोक निदान झाडं आणतायत, त्यांना कशाला घाबरवता?" हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. आणतायत हे चांगलंच. पण खोटं सांगून आणवलेलं झाड टिकत नाही, आणि ते गेलं की माणूस म्हणतो, "माझ्या हाताला झाडं लागत नाहीत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! गणित येत नाही म्हणणाऱ्या मुलासारखंच ते आहे. बहुतेकदा हात चांगला असतो, फक्त सुरुवातीला कोणीतरी चुकीचं सांगितलेलं असतं. खरं सांगा ना. सांगा, खिडकी लागेल, आठवड्याला दहा मिनिटं लागतील, हवा शुद्ध होणार नाही पण सकाळी चहा पिताना बघावंसं वाटेल. ज्याला हे परवडेल तो नेईल, आणि त्याच्याकडे ते वर्षानुवर्षं राहील.

असो. फार लांबलं. दिवाळीत घरी येणाऱ्यांसाठी बाटल्यांमध्ये काड्या लावून ठेवतो आहे. ज्यांना हव्या असतील त्यांनी आधी आपल्या खिडकीत कागदावर सावली पडते का ते बघून मगच कळवावं. पडत नसेल तर चिवडा मिळेल, काडी नाही.